अंतरपाटावरचे तीन त्रिकोण

कॅरनचं उत्तर नेहमी लगेच येतं. माझ्या बायकोनं, सुनेत्रानं, लग्नाच्या ग्रुपवर भरल्या वांग्यांचा फोटो टाकला तरी चहा निवायच्या आत कॅरनचा लाल बदाम हजर. ती आमची होणारी विहीण. लेकाच्या लग्नाचा उत्साह तिच्या अंगात मावत नाही. पण त्या बुधवारी सकाळी सुनेत्रानं अंतरपाटाचा फोटो टाकला आणि कॅरनकडून काहीच आलं नाही. तिनं तो पाहिलाय हे फोन सांगत होता. बदाम नाही, टाळ्या नाहीत, एक अक्षर नाही.

पुण्याहून मात्र ‘अप्रतिम’, ‘किती कल्पक’, ‘सुनेत्रा, तुझे हात म्हणजे सोनं’ असा नुसता पाऊस पडत होता. लग्न रविवारी होतं.

मी ब्रेकचा इंजिनिअर आहे. गाडी कशी पळेल हे बाकीचे बघतात. थांबायची वेळ आली आणि ती थांबलीच नाही तर काय, याचा विचार करायचा मला पगार मिळतो. नागपूरहून मिशिगनला आलो तेव्हापासून हेच करतोय, म्हणून माझा स्वभाव असा झाला असं सुनेत्रा म्हणते. खरं म्हणजे स्वभाव आधीपासूनच असा होता, कंपनीनं फक्त त्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. तर दुपारपर्यंत मी तो फोन इतक्यांदा उघडून बघितला की सुनेत्रानं तो माझ्या हातातून काढून घेतला.

“अरे, बिझी असेल ती. लग्नघर आहे तिचंही.”

“वांग्यांना बदाम द्यायला वेळ असतो, आणि याला नाही?”

“तुझं आपलं काहीतरीच,” असं म्हणून ती अनारसे तळायला गेली.

अंतरपाट तिनं स्वतः केला होता. बाजारात मिळतो तसला चमकीचा तिला नको होता. पांढऱ्या मलमलीचे दोन पदर एकावर एक शिवलेले. नवरीकडच्या पदरावर लाल रेशमात स्वस्तिक आणि नवरदेवाकडच्या पदरावर निळ्या रेशमात एकमेकांत अडकलेले तीन त्रिकोण. स्वस्तिक आपलं, त्रिकोण त्यांचे. आमच्या होणाऱ्या जावयाचं, अँडर्सचं घराणं मूळचं नॉर्वेचं, आता मिशिगनच्याच उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलात राहतं. आपण आपलंच चिन्ह त्यांच्या मुलाच्या तोंडासमोर धरायचं हे बरं दिसत नाही, असं सुनेत्राचं म्हणणं. विचार चांगलाच होता. आमच्या घरातले सगळे घोळ चांगल्या विचारातूनच झालेले आहेत.

मार्चमध्ये तिनं अँडर्सला विचारलं होतं, “तुमच्याकडे शुभचिन्ह काय असतं रे?” पोरगा गुणी. तळ्यांमधल्या माशांवर संशोधन करतो, रोज बोट घेऊन पाण्यात असतो. होणाऱ्या सासूला ‘माहीत नाही’ कसं म्हणायचं म्हणून त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, “वायकिंग लोकांचं एक असतं ना, वालक्नूट. कॉलेजमध्ये माझ्या मगवर होतं.” फोनवर दाखवलंसुद्धा. लॉकेट विकणाऱ्या कुठल्याशा साइटवर लिहिलं होतं की तीन त्रिकोण म्हणजे न तुटणारी एकी, नऊ कोपरे म्हणजे नऊ जगं, आणि जवळ बाळगणाऱ्याचं कल्याण होतं. सुनेत्रा हरखली. “तीन म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, नऊ म्हणजे नवग्रह! मनोहर, हे तर आपलंच निघालं!”

जगातलं काहीही आपलंच निघालं की आपल्या माणसांना फार बरं वाटतं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

बुधवारी काम पुरं झालं तेव्हा फोटो काढायचा प्रश्न आला. एका बाजूचा काढला तर दुसरी दिसत नाही. म्हणून तिनं मला डेकच्या काचेच्या दारात कापड धरून उभं केलं. मागून उन्हाची तिरीप आली आणि दोन्ही चिन्हं एकदम दिसली. निळ्या त्रिकोणांच्या बरोब्बर मधोमध लाल स्वस्तिक. “अगदी मनासारखं,” ती म्हणाली, आणि खाली इंग्रजीत लिहून पाठवलं की आमचं चिन्ह आणि तुमचं चिन्ह आता एकत्र, दोन्हीकडच्या पूर्वजांचे आशीर्वाद मुलांना लाभोत. पुढे हात जोडलेले, फुलं आणि दोन झेंडे.

गुरुवारी संध्याकाळी आमची लेक अनया घरी आली. ती इथेच ॲन आर्बरला फिजिकल थेरपिस्ट आहे. लग्नाच्या ग्रुपचा आवाज तिनं महिनाभर आधीच बंद करून टाकला होता, कारण माझी बहीण तिथे रोज सकाळी सुविचार टाकते. जेवताना तिनं सहज ग्रुप उघडला, आणि तिचा घास हातातच राहिला.

“आई, हे तू पाठवलंस? टू एव्हरीवन? कॅरनला पण?”

“हो. का? छान नाही आलं?”

“ओ माय गॉड. आई. डू यू नो व्हॉट धिस लुक्स लाइक?”

मग तिनं आम्हाला सांगितलं. हे तीन त्रिकोण गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या काही टोळ्या दंडावर गोंदवून घेतात. सगळेच नाही, साधे लोकही वापरतात, लॉकेटं घालतात. नुसते त्रिकोण असते तर कुणी फार मनावर घेतलं नसतं. पण त्यांच्या आत स्वस्तिक! “बाबा, हा अंतरपाट नाहीये. इट्स अ नाझी फ्लॅग. तुम्ही दोघांनी घरी बसून नाझी फ्लॅग शिवलाय.”

“जीभ झडेल तुझी,” सुनेत्रा म्हणाली. “माझं स्वस्तिक आहे ते. गणपतीचं. त्या मेल्यानं ते तिरपं करून चोरलं, त्यात माझा काय दोष?”

“मला माहितीये आई! मला सगळं माहितीये. पण रॅग्नहिल्डला तू हे एक्सप्लेन करणार आहेस?”

रॅग्नहिल्ड म्हणजे अँडर्सची आजी, कॅरनची आई. अठ्ठ्याऐंशीची आहे. नाव जिभेवर बसेना म्हणून सुनेत्रानं तिला पहिल्या भेटीतच रागिणी आजी करून टाकलं होतं आणि म्हातारीला ते आवडलंही होतं. अँडर्स, त्याची आई आणि ही आजी, एवढंच ते कुटुंब. अनया आता हळू आवाजात बोलायला लागली. युद्धात जर्मनांनी नॉर्वे घेतला तेव्हा रॅग्नहिल्ड लहान होती. तिच्या वडिलांना ते घेऊन गेले होते. याहून जास्त अँडर्सलाही माहीत नव्हतं, कारण आजी त्यावर कधी बोलत नाही.

मी टेबलावरून उठून अँडर्सला फोन लावला.

“हाय मनोहर काका,” तो म्हणाला. काका म्हणायला त्याला अनयानं शिकवलंय. मी विचारलं, कॅरन बरी आहे ना? “मॉम जरा शांत आहे. खरं सांगू का, तो फोटो आला तेव्हा फोन आजीच्या हातात होता. तिनं तो मोठा करून दाखवायला सांगितलं. बराच वेळ बघितला. मग खोलीत गेली. तेव्हापासून नीट जेवली नाहीये.”

“अरे, उद्या येताय ना तुम्ही? केळवणाला?”

“येतोय, असं मॉम म्हणाली,” तो म्हणाला. ‘असं मॉम म्हणाली’ हे शब्द मी पुढे बराच वेळ उलटेपालटे करून बघत राहिलो.

घरात तोवर भडका उडाला होता. अनयाचं म्हणणं, लग्नात स्वस्तिक कुठेही नको. कापडावर नको, कलशावर नको, दारात नको, अक्षतांच्या पुड्यांवर नको. सुनेत्राचं म्हणणं, मग त्याला लग्न तरी कशाला म्हणायचं? “माझ्या आईच्या अंतरपाटावर होतं, माझ्या होतं. तुझ्यावर नसेल तर तुझ्या बापाला सांग, कोर्टात उभं करून सही घे म्हणावं.”

“फाइन. कोर्टातच करू,” अनया म्हणाली, आणि पर्स उचलून निघून गेली. जाताना तिचा ओठ थरथरत होता. लहानपणी सायकलवरून पडली की अगदी असाच थरथरायचा.

सुनेत्रा ओट्याशी पाठ करून उभी राहिली. मी कापड गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकलं आणि डिकी दोनदा ओढून बघितली.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसचं काम बाजूला सारून ते त्रिकोण शोधत बसलो. प्रत्येक साइट वेगळंच सांगते. एक म्हणते एकी, दुसरी म्हणते ओडिन देवाची गाठ, तिसरी म्हणते गर्भाशय. थोडं खोलात गेल्यावर कळलं की खरा अर्थ कुणालाच माहीत नाही. ज्यांनी ते कोरलं त्यांनी त्याबद्दल एक ओळ लिहून ठेवलेली नाही. वालक्नूट हे नावही त्यांचं नव्हे, ते पुष्कळ नंतरच्या लोकांनी ठेवलं. म्हणजे आमच्या जावयाच्या मगवर होतं त्या चिन्हाचं मूळ नावसुद्धा हरवलेलं आहे.

मात्र ते सापडतं कुठे, हे पक्कं माहीत आहे. गॉटलंड नावाच्या बेटावर उभे दगड आहेत. वर घोडेस्वार, खाली शिडाचं जहाज, मध्ये लढणारी माणसं. एका दगडावर एक माणूस कसल्याशा चौथऱ्यावर पालथा घातलाय, आणि त्याच्या डोक्यावर हे तीन त्रिकोण. मी तो फोटो बघत राहिलो. असला दगड मी पाहिलेला होता. आमच्या आजोळच्या गावात मारुतीच्या देवळामागे असतात तसा. खाली लढाई, मध्ये पडलेला गडी, वर स्वर्ग. वीरगळ! सुनेत्रानं लेकीच्या अंतरपाटावर वीरगळीवरचं चिन्ह काढलं होतं.

पण त्या वेळी मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. डोक्यात एकच होतं, स्वस्तिकाचं काय करायचं. आणि तेवढ्यात मला ओसेबर्ग सापडलं. नॉर्वेत शंभरेक वर्षांपूर्वी एका ढिगाऱ्याखाली अख्खं जहाज निघालं. त्यात दोन बायका पुरलेल्या. त्या जहाजात लाकडावर हे त्रिकोण आहेत, आणि तिथे मिळालेल्या विणलेल्या कापडाच्या तुकड्यांवर चक्क स्वस्तिकं! म्हणजे ही दोन्ही चिन्हं हिटलरच्या हजार वर्षं आधी, रॅग्नहिल्डच्याच देशात, एकाच थडग्यात होती.

मला हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. मी ताबडतोब स्लाइड्स करायला घेतल्या. जहाज, कापड, मोहेंजोदडोची मुद्रा, ग्रीक भांडी, शेवटी अंतरपाट. म्हातारीला पुराव्यानिशी पटवून द्यायचं. सुनेत्रा मागून येऊन बघून गेली.

“तू तिला तिच्याच देशातलं थडगं दाखवणार? जेवायला बोलावून?”

“मग तुझ्याकडे काही उपाय आहे?”

तिचे डोळे सुजलेले होते. दारात रांगोळी काढायला बसली ती नुसती कमळं काढून उठली. दर शुक्रवारी मधोमध स्वस्तिक असतं, तिथे आज काही नव्हतं. तिची हार मला बघवत नव्हती, आणि तिचा हट्टही परवडत नव्हता.

दुपारी ते आले. अनया अँडर्सच्या गाडीतून उतरली. आईकडे न बघता आत आली आणि ताटं मांडायला लागली. कॅरननं आम्हाला मिठी मारली, पण नेहमीपेक्षा लवकर सोडली, किंवा मला तसं वाटलं. रॅग्नहिल्ड शेवटी आली. जूनच्या उकाड्यातही लोकरीचं जाकीट, हातात काठी. रांगोळीला वळसा घालून तिनं पाय टाकला. सुनेत्रानं तिच्या पायांना हात लावला तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला खरा, पण हसली नाही.

जेवण म्हणजे नुसती शिक्षा होती. अनया-अँडर्सला ओवाळून झालं. श्रीखंड फार छान झालंय असं कॅरन पुन्हा पुन्हा म्हणत होती. अँडर्स ताटातली कोशिंबीर एका कडेहून दुसऱ्या कडेला नेत होता. माझा लॅपटॉप सोफ्याच्या उशीखाली तयार होता. लग्न मोडलं असं सांगायला माणसं जेवून जातील का? आधी सांगतील का नंतर? पोरीचं तोंड मला बघवेना.

रॅग्नहिल्डनं हात पुसले आणि विचारलं, “ते कापड कुठे आहे?”

मी उठलो. “मी आधी एक गोष्ट दाखवतो. माझ्याकडे काही स्लाइड्स…”

“मनोहर,” ती म्हणाली, “कापड.”

मी डिकीतून आणलं. तिनं ते मांडीवर पसरलं. स्वस्तिकाची बाजू वर आली होती. तिचा हात त्यापासून वीतभर लांब थांबला.

“मी पाच वर्षांची होते,” ती म्हणाली. “वडील शाळेत शिकवायचे. नव्या सरकारनं शिक्षकांना सांगितलं, आमच्या संघटनेत या, आम्ही सांगू तेच मुलांना शिकवा. ते नाही म्हणाले. पुष्कळ जण नाही म्हणाले. मग त्यांना धरून देशाच्या पार वरच्या टोकाला नेलं, बर्फात, जहाजांवरचा माल उतरवायला. आमच्या शाळेवर हा झेंडा लागला. वडील परत आले, पण छाती गेली होती. वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचे ते, ते परत कधी जमलं नाही.”

कॅरन आईकडे बघत होती. हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

“ओसेबर्ग,” माझ्या तोंडून निघून गेलं.

म्हातारीनं मान वर केली. “तुम्हाला ओसेबर्ग माहीत आहे?”

“आज सकाळी वाचलं.”

“मला त्या झेंड्याच्या आधीपासून माहीत आहे. वडील त्या जहाजाची गोष्ट सांगायचे. कापडावर हे चिन्ह आहे, हेही सांगायचे. युद्ध संपल्यावर आमच्याकडे कुणी ते परत घेतलं नाही. कुणाला हात लावावासा वाटेना. तुम्ही सोडलं नाहीत. तुमचं आहे, तुम्ही काढा, माझी तक्रार नाही.” तिनं श्वास घेतला. “ते तिथे आहे हे माहीत असणं मला जमतं. समोर बघणं जमत नाही. शरीर ऐकत नाही माझं.”

सुनेत्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण रॅग्नहिल्डचं बोलून झालं नव्हतं.

“मी दोन रात्री झोपले नाही, ते मात्र यामुळे नाही.” तिनं कापड उलटलं आणि निळ्या त्रिकोणांवर बोट ठेवलं. “हे कुणी काढायला सांगितलं?”

अँडर्सनं वर्गात करतात तसा हात वर केला.

“मूर्ख मुला,” ती म्हणाली. “याचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही. पण ते कुठे असतं ते ठाऊक आहे. मारलेल्या माणसाच्या डोक्यावर. थडग्यात. कुणी ते पाळण्यावर काढलेलं मी ऐकलं नाही, लग्नात काढलेलं ऐकलं नाही. आणि तुम्ही ते याच्या तोंडासमोर धरणार होतात.” आता तिचा आवाज फाटला. “माझ्या घरात पुरुष टिकत नाहीत. वडील गेले. नवरा तळ्यावर गेला तो आलाच नाही. कॅरनचा नवरा चाळिशीत गेला. हा एक राहिलाय, आणि हाही रोज बोट घेऊन जातो. मी कॅरनला म्हटलं, काही लिहू नकोस. हे मी तोंडानंच सांगेन. हे काढा. मला वेडी म्हणा, पण काढा.”

मी सकाळी ती वीरगळ बघितली होती आणि तशीच पुढे सरकवली होती. ज्याची भीती वाटायला हवी होती तिच्यावरून माझी नजर घसरून गेली होती. ब्रेकचा इंजिनिअर म्हणे!

वेडी कुणीच म्हणालं नाही. सुनेत्रा तर “अगं बाई, अपशकुन!” असं मराठीतच ओरडून कात्री आणायला पळाली. अपशकुन हा शब्द म्हातारीला कळायचं कारण नव्हतं, पण सुनेत्राचा चेहरा कळला असणार, कारण तिनं पहिल्यांदाच मान डोलावली. दोघी सोफ्यावर शेजारी बसल्या. एकीनं कापड ताणून धरलं, दुसरीनं शिवण उसवली. त्रिकोणांचा पदर सुटा झाल्यावर सुनेत्रानं त्याची घडी घालून मला दिला आणि म्हणाली, “वाहत्या पाण्यात सोड.” मला ह्युरॉन नदी आठवली आणि नदीत काही टाकल्याबद्दल भरावा लागणारा दंडही आठवला, पण मी हो म्हटलं.

मग तिच्या हातात एकच पदर उरला, स्वस्तिकाचा. तिनं अनयाकडे बघितलं. “हेही काढते,” ती म्हणाली, आणि कात्रीचं टोक लाल टाक्याखाली घातलं. पण कात्री मिटेना. अनया ताटं तशीच टाकून आली आणि आईच्या पायाशी बसली. “आई, थांब ना,” ती म्हणाली. “थांब. मला कळत नाहीये काय करायचं.”

मी म्हटलं, “मागे जाड कापड लावू. अँडर्सच्या बाजूनं नुसतं पांढरं दिसेल.” इंजिनिअरला अस्तर सुचणारच.

“पण आजी कुठे बसणार?” अनया म्हणाली. “मंडपात ती कुठूनही बघेल. पाहुणे दोन्हीकडून असणार.”

सुनेत्रानं नाक पुसलं. मग ती रॅग्नहिल्डकडे वळली. तिचं इंग्रजी घाईत मोडतं, तसं मोडत होतं. “तुम्ही बसू नका. तुम्ही धरा. मी माझ्या मावसबहिणींच्या लग्नात धरलाय. जो टोकाला धरून उभा असतो ना, त्याला कापडाची कुठलीच बाजू दिसत नाही. नुसती कड दिसते. आणि मुलं दिसतात. सगळ्या मांडवात दोघांचे चेहरे फक्त त्यालाच एकदम दिसतात.”

रॅग्नहिल्डनं हे कॅरनकडून पुन्हा एकदा समजून घेतलं. मग विचारलं, “किती वेळ?”

“आमचे लोक गातात,” मी म्हटलं. “मंगलाष्टकं कधी संपतील ते देवालाही माहीत नसतं.”

तेव्हा ती हसली.

रविवारी सकाळी हॉलमध्ये मी एक टोक धरलं, तिनं दुसरं. आमचे गुरुजी त्र्यंबक जोशी, आठवडाभर एका बँकेचे डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवार लग्नं लावतात. मुलीच्या बापानं अंतरपाट धरलेला त्यांना तितकंसं रुचलं नाही, पण मी ऐकणार नव्हतो. म्हातारीच्या टोकावरून माझी नजर मला हलवायची नव्हती. म्हातारीनं काठी कॅरनकडे दिली होती. कॅरन तिच्या मागेच उभी होती. मी मनात यादी केली होती: हात दुखतील, कॅरन धरेल. चक्कर येईल, खुर्ची मागे आहे. कापड घसरेल, मी माझ्या बाजूनं ताणून धरीन.

पहिल्या मंगलाष्टकापासून तिची नजर डावीकडे अँडर्सकडे, उजवीकडे अनयाकडे, पुन्हा डावीकडे अशी फिरत होती. अनयाच्या मुंडावळ्या हलत होत्या आणि ती पलीकडच्या माणसाला न बघता हसत होती. अँडर्सही इकडे हसत होता. त्या दोघांना एकमेकांचं ते हसू दिसत नव्हतं. आम्हा दोघांनाच दिसत होतं. माझ्या बहिणीनं स्वतः रचलेलं चौथं कडवं सुरू केलं तेव्हा म्हातारीच्या बाजूनं कापड खाली झुकू लागलं. कॅरन पुढे झाली. म्हातारीनं मानेनंच नको म्हटलं आणि टोक पुन्हा वर उचललं.

“तदेव लग्नं…” गुरुजींनी सुरू केलं. लोकांनी अक्षतांच्या मुठी आवळल्या. “शुभमंगल सावधान!” आणि त्याच दमात मला म्हणाले, “काका, सोडा. उत्तरेकडे ओढतात.”

उत्तरेला ती उभी होती.

हे माझ्या यादीत नव्हतं. लग्न लागेपर्यंतचा सगळा विचार मी केला होता, लागल्यावर कापड कुठे जातं याचा केलाच नव्हता. माझ्या हातातून टोक सुटलं होतं. सनई, टाळ्या, अक्षतांचा मारा, आणि त्यातून गुरुजींनी ओढलेलं ते कापड सरसर तिच्याकडे गेलं आणि तिच्या दोन्ही हातांवर पडलं. लाल बाजू वर. मी ओरडलोसुद्धा, पण त्या कल्ल्यात कोण ऐकतंय. सुनेत्रा वधूच्या मागून धावली. कॅरननं तोंडावर हात ठेवला.

रॅग्नहिल्ड खाली बघत होती. स्वस्तिक तिच्या पोटाशी होतं. चेहरा पांढराफटक पडला होता, हात इतके कापत होते की कापडाची टोकं हलत होती. तिनं ते टाकून दिलं असतं तर आमच्यापैकी एकानंही तिला बोल लावला नसता. मीच जाऊन उचललं असतं.

समोर अँडर्स आणि अनया माळा घालायच्या विसरून तिच्याकडे बघत उभे होते. तिनं मान वर केली आणि दोघांना बघितलं. मग जमिनीकडे निघालेली दोन्ही टोकं तिनं एकेक करून वर ओढून घेतली, सगळं कापड छातीशी गोळा केलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ती रडत होती. सुनेत्रा हात पुढे करून तिच्याजवळ थांबली होती, पण म्हातारीनं ते दिलं नाही आणि खालीही पडू दिलं नाही.